पाणी दबत नाही

डिझेल इंजिनांवर हात काळे करू लागून तीस वर्षे होत आली, पण या कामातला सर्वांत महागडा धडा मला २६ जुलै २००५ नंतरच्या आठवड्यात कुर्ल्यात मिळाला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी वस्तीत शिरली आणि गॅरेजसमोरच्या टेम्पोंच्या बॉनेटांवर गाळ चढला.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा ते वीस पट दाबली जाऊन इतकी तापते, की इंजेक्टरच्या नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. भिजून बंद पडेल अशी ठिणगीच नसल्यामुळे ‘डिझेलला पाण्याचे काय?’ असे चालक म्हणत आणि थोडेफार मीही मानत असे. मात्र एअर फिल्टरच्या वाटेने पाणी आत गेले, की पिस्टनची गाठ हवेऐवजी पाण्याशी पडते, आणि पाणी दबत नाही.

एका भाजीवाल्याला दुसऱ्या पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचायचे होते. त्याच्या घाईला भुलून मी सेल्फ मारला. एका सिलिंडरने पेट घेतला, इंजिनाने झटका दिला आणि आतून एकच बोथट ठोका आला. वरचे हेड आणि खालचे ऑइलचे चेंबर उतरवल्यावर दुसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकलेला दिसला. घाई त्याची होती, पण किल्ली माझ्या हातात होती. मजुरी मी घेतली नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक गाडीचे मी आधी सगळे इंजेक्टर काढले आणि पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, हाताने फिरवला. इंजेक्टरच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडत. चेंबरमधले ऑइल दुधाळ चहासारखे निघे. टाकीत पाणी जड म्हणून तळाशी बसलेले असे, तेही काढावे लागे. मग नवे फिल्टर, डिझेल ओढणारा फीड पंप हाताने मारून डिझेलच्या नळ्यांतली हवा काढणे, आणि शेवटी सेल्फ.

२०२० पासूनच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांच्या) गाड्यांत पाण्याने ईसीयू, म्हणजे इंजिनावर ताबा ठेवणारा संगणक, आणि वायरींचे कनेक्टरही जातात, त्यामुळे गॅरेजमधली मुले आधी स्कॅनर जोडतात, आणि ते योग्यच आहे. गाडी पाण्यातून आलेली असेल तर मी मात्र किल्ली काढून खिशात ठेवतो आणि पाना मागतो.