तीनदा पुसलेली ओळख

दहाव्या खंडाने घात केला नसता तर मी या भानगडीत पडलेच नसते. 'द व्हील ऑफ टाइम' ही रॉबर्ट जॉर्डन यांची १४ खंडांची कल्पनारम्य कादंबरीमालिका, वर एक पूर्वकथा. पहिले सहा खंड मी अधाशासारखे वाचले, सात ते नऊ जरा दमाने, आणि 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' या दहाव्यात येऊन रुतले. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. ती घडत असताना बाकीची मंडळी कुठे काय करत होती, हेच दहावा खंड बराच वेळ सांगत बसतो. चौदा महिने पुस्तकातली खूण एका पानावरून हलली नाही. ओळखीत ही मालिका वाचलेलं कुणी नाही, म्हणजे कुरकुर करायचीही सोय नाही. म्हणून डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या एका मोठ्या वाचकमंडळात शिरायचं ठरवलं. तिथे दहावा खंड मिळून वाचणारा गट पंधरा दिवसांनी सुरू होणार होता. पंधरा दिवस म्हणजे भरपूर वेळ, असं मला वाटलं.

पहिलं आमंत्रण मुदत संपलेलं निघालं, दुसरं चाललं. फोन नंबरची खातरजमा झाली. नियम वाचले. (नीट वाचा. मधल्याच एका नियमात एक शब्द लपवलेला असतो आणि तो टाइप केल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. मी तळाशी जाऊन 'मान्य' दाबत बसले होते.) मग कुठवर वाचलंय ते विचारलं. प्रत्येक खंडासाठी वेगळी खोली, आणि तुम्ही जिथवर वाचलंय तिथवरच्याच खोल्या तुम्हाला दिसतात. मी प्रामाणिकपणे नऊ सांगितलं. इथे फुशारकी मारू नका. जास्त सांगितलंत तर पुढच्या खंडांतले मृत्यू तुम्हाला आपणहून येऊन भेटतील.

शेवटची पायरी उरली होती, ओळख करून देण्याची. चार ओळी लिहायच्या, देखरेख करणारं कुणीतरी त्या वाचणार, मग सगळ्या खोल्या उघडणार.

मी चार ओळी लिहिल्या. पाठवल्या. पुसल्या गेल्या. डोळ्यांदेखत, क्षणभरात. बॉटचा, म्हणजे मजकूर आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामचा, निरोप आला: ओळखीच्या खोलीत कथानक फोडू नये. काय फोडलं, कुठे फोडलं, ताकास तूर नाही.

मी मजकूर पुन्हा वाचला. त्यात पाचव्या खंडातल्या एका खुनाचा उल्लेख होता. १९९३ च्या त्या खंडात एका पात्राचा खून होतो आणि खुनी कोण ते लेखक सांगत नाही. वाचक यावर वर्षानुवर्षं भांडले. मला त्या भांडणात उडी घ्यायची होती, म्हणून हौसेने लिहिलं होतं. म्हटलं, हेच नडलं असणार. ते वाक्य काढलं. पुन्हा पाठवलं. पुन्हा पुसलं गेलं, तोच निरोप.

आता उरलं होतं काय? मला ही मालिका आवडते, मी दहाव्यात अडकले आहे, मला मदत हवी आहे. यात कुणाचं काय फुटतं? तरी शहाणपणा करून अख्खा मजकूर झाकून पाठवला. डिस्कॉर्डवर ओळीच्या आधी दोन आणि नंतर दोन उभ्या रेघा दिल्या की ती ओळ काळ्या पट्टीखाली जाते आणि दाबल्यावरच दिसते. फोनच्या कीबोर्डवर ही उभी रेघ शोधण्यात माझी पाच मिनिटं गेली होती, त्यामुळे मी स्वतःवर खूश होते. हाही मजकूर गेला. वर चोवीस तास बोलायला बंदी. ओळखीच्या खोलीत झाकलेला मजकूर मुळात चालतच नाही, हे नियमांत होतं. त्याच नियमांत, जे मी धड वाचले नव्हते.

बंदी संपल्यावर मदतीसाठी अर्ज केला. तिथे तिकीट काढतात. एक छोटी खासगी खोली उघडते आणि त्यात तुम्ही आणि देखरेख करणारे, एवढेच असता. म्हणजे असायला हवेत. माझ्या खोलीत मी एकटीच. अठ्ठेचाळीस तास कुणी बोललं नाही की तिकीट आपोआप बंद होतं. ते झालं. दुसरं काढलं, त्यात सविस्तर लिहिलं, पुसलेल्या तिन्ही मजकुरांची चित्रं जोडली. तेही बंद झालं. फुकट काम करणारी माणसं आहेत, त्यांना त्यांचे उद्योग आहेत, हे मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मी दर तासाला फोन उघडत होते आणि वाचनगटाची तारीख जवळ येताना बघत होते. बाहेरच्या खोलीत घोषणा दिसायची, आत जाता यायचं नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: दुसरं तिकीट काढलंत की जुन्या तिकिटाचा क्रमांक त्यात लिहा. नाहीतर प्रत्येक वेळी तुम्ही नवीनच माणूस असता.

तिसरं तिकीट मी रागाने काढलं. त्यात एवढंच लिहिलं, की माझ्या मजकुरातला चुकीचा शब्द कोणता तेवढा सांगा, मी तो आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही. अकराव्या दिवशी, गट सुरू व्हायला चार दिवस असताना, पहिल्यांदा माणसाचं उत्तर आलं. अगदी नम्र आणि एका ओळीचं. तुमच्या मजकुरात काहीच चुकीचं नाही, चुकीचं तुमचं नाव आहे.

काखेत कळसा. खातं उघडताना रात्री मी मोठ्या ऐटीत स्वतःला एक नाव दिलं होतं. मालिकेतल्या एका पात्राला पुढे मिळणारी पदवी. ती कुणाला मिळते आणि कितव्या खंडात, ते इथेही सांगत नाही, आता सवयच लागली आहे. पण पहिला खंड हातात घेतलेला कुणी ओळखीच्या खोलीत आला, तर माझं नाव बघूनच त्याला कळलं असतं की असं काहीतरी पुढे होणार आहे. बॉट मजकुरासोबत नावही तपासत होता, आणि निरोपात मात्र फक्त मजकुराबद्दल बोलत होता. मी अकरा दिवस निर्दोष ओळी कापत बसले होते.

बरं, नाव बदलायचं कसं? एका मंडळापुरतं टोपणनाव बदलता येतं, पण त्याची परवानगी त्या मंडळाने द्यावी लागते. ती मिळते ओळख मंजूर झाल्यावर. ओळख मंजूर होते नाव बदलल्यावर. या चक्रात मी आणखी अर्धा दिवस घालवला. उपाय सोपा निघाला. खात्याच्या सेटिंगमध्ये दिसणारं नाव वेगळं असतं आणि खात्याचं मूळ नाव वेगळं. २०२३ मध्ये ही पद्धत आली. दिसणारं नाव बदललं की ते सगळीकडे बदलतं, कुणाची परवानगी लागत नाही. मी निव्वळ 'वाचक' झाले. चौथ्यांदा तीच ओळख पाठवली, खुनाच्या वाक्यासकट. (फक्त मेलेल्याचं नाव काढून. उगाच पुन्हा परीक्षा कशाला.) तासाभरात मंजूर.

आत गेल्यावरचं सांगण्यासारखं फारसं नाही, सगळं सुरळीत झालं. लिहिताना आधी उघड्यावर 'सातव्या खंडापर्यंत' असं लिहायचं आणि मग पुढचं झाकायचं, म्हणजे दाबणाऱ्याला कळतं की आत काय आहे. नावं ऐकून माहीत असतील आणि लिहिता येत नसतील, तर प्रत्येक खंडाच्या शेवटी उच्चारासह शब्दसूची आहे. पण ती जपून उघडा, त्यात माणसांची माहितीही असते. टीव्हीवरची मालिका २०२१ पासून तीन पर्व चालली. तिच्या खोल्या वेगळ्या, आणि पुस्तकं संपवल्याशिवाय तिकडे फिरकू नका, कारण तिथे घटनांचा क्रमच निराळा आहे.

आणि हो, थेट प्रश्न विचारलात की 'रॅफो' असं उत्तर येतं, म्हणजे 'रीड अँड फाइंड आउट'. वाचा आणि शोधा. रॉबर्ट जॉर्डन स्वतः वाचकांना हेच उत्तर द्यायचे, तिथले लोक आता एकमेकांना देतात. पहिल्यांदा मला ते उर्मटपणाचं वाटलं होतं.

वाचनगटात मी माझ्या चौदा महिन्यांचं रडगाणं गायलं. तिथे एक बाई नव्वदच्या दशकापासून वाचणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, नववा खंड २००० मध्ये आला, दहावा २००३ च्या जानेवारीत. दोन वर्षांवर वाट पाहिली, दुकानातून आणून त्याच रात्री उघडला, आणि आत हे! पुढे २००७ मध्ये जॉर्डन गेले तेव्हा मालिका अर्धवट होती. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले, शेवटचा २०१३ मध्ये आला. मी गप्प बसले. आठवड्याला चार प्रकरणं अशा चालीने गटाने तो खंड संपवला, मीही संपवला. मालिकेतल्या या संथ पट्ट्याला तिथे 'स्लॉग' म्हणतात, चिखलातली चाल. ती नेमकी कितव्या खंडापासून सुरू होते यावरही भांडणं आहेत. माझं मत आठव्यापासून.

आता मी बाराव्यात आहे. त्या खुनाबद्दल गटाने मला एवढंच सांगितलं की उत्तर २०१० साली आलेल्या तेराव्या खंडात आहे, आणि तेही कथेत नाही, मागच्या शब्दसूचीत. हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. तेरावा खंड कपाटात आहे आणि त्याच्या शेवटच्या पानांना मी रबर लावून ठेवलं आहे.