मुलाखतीत आधी गुण लिहा, मग बोला

उमेदवार बाहेर पडतो, दार लागतं आणि पॅनलमधले साहेब म्हणतात, "मुलगा चुणचुणीत आहे." झालं! बाकीचे दोघे मान डोलावतात. तिघांना बसवूनही मत एकाचंच मिळतं. म्हणून माझा आग्रह असतो, की चर्चेआधी प्रत्येकाने आपले गुण लिहून, सही करून कागद एचआरकडे द्यावा.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्येच दाखवलं होतं, की माणसाच्या एका स्वभावगुणाची छाप पडली की बाकीचे आकडेही तिच्यामागे ओढले जातात. संशोधक पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचा फेरहिशेब मांडला. ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) निघाला ०.४२, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. खात्री दोन्हीत नाही, पण फरक दुपटीहून जास्त आहे.

खरी मेहनत प्रश्न बनवण्यात आहे. समजा, भिवंडीच्या गोदामासाठी डिस्पॅच सुपरवायझर हवाय. प्रश्न असा: "गाडी घोडबंदर रोडला अडकलीय, ग्राहक फोनवर आहे, दुसरी गाडी अर्धी भरलीय. पहिली दहा मिनिटं काय कराल?" नुसतं "साहेबांना विचारेन" याला पाचपैकी १ गुण. ड्रायव्हरकडून ठिकाण घेऊन ग्राहकाला नवी वेळ कळवली तर ३. त्यावर तातडीचा माल कोणता हे विचारून तो दुसऱ्या गाडीत चढवला, तर ५. ही उत्तरं मुलाखतीच्या आधी लिहून ठेवायची. नाहीतर सगळे ३ देऊन मोकळे होतात.

असे पाच-सहा प्रश्न पुरतात. सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. आणि एका प्रश्नाचे गुण लिहिल्याशिवाय पुढचा विचारायचा नाही.

"राहायला कुठे?" हा प्रश्न मात्र काढूनच टाका. बदलापूर म्हटलं की लेटमार्क मनात आधीच पडतो आणि त्याची किंमत इतर उत्तरांना मोजावी लागते. शिफ्टची वेळ सांगा, जमेल का विचारा, तेवढं बस.

अनुभवी मंडळी कुरकुरतात, "मग आमची नजर कशाला?" मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी १९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यासाठी सहा स्वभावगुणांना वेगवेगळे आकडे देण्याची अशीच पद्धत बसवली, तेव्हा मुलाखतकार असेच रागावले होते. कानेमननी त्यांना शेवटी डोळे मिटून एक अंदाजाचा आकडा द्यायची मुभा दिली. तो अंदाजही सहा आकड्यांच्या बेरजेइतकाच उपयोगी ठरला. तेव्हा नजरेचा रकाना जरूर ठेवा, फक्त कागदाच्या तळाशी.