ई-पुस्तके विकत घेण्याचा पर्याय राहिला पाहिजे

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात छापील पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो, ते कपाटात लागते आणि पुढे दर ग्रंथपडताळणीत ग्रंथपालाला त्याचा हिशेब द्यावा लागतो. ई-पुस्तकाचे बिल चुकते केले तरी ग्रंथालयाला मिळतो तो वापराचा परवाना, आणि तो कोणत्या अटींवर मिळाला आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते.

वर्गणीच्या परवान्यात हजारो पुस्तकांचा संच तुलनेने थोड्या पैशांत उपलब्ध होतो, परंतु त्यात काय राहील आणि काय जाईल हे ग्रंथालयाच्या हातात नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये, अमेरिकेतील विद्यापीठांचे नवे सत्र सुरू होत असतानाच, वायली या प्रकाशकाची १,३०० हून अधिक पुस्तके, ग्रंथालयांना ई-पुस्तके पुरवणाऱ्या प्रोक्वेस्ट या कंपनीच्या वर्गणी-संचातून काढून घेण्यात आली. ग्रंथपालांनी तीव्र आक्षेप नोंदवल्यावर ती परत आली खरी, पण तीही जून २०२३ पर्यंतच.

कायमस्वरूपी खरेदीत एकेका पुस्तकाची किंमत एकदाच मोजली जाते. मात्र तेथेही एका वेळी एक वाचक, तीन वाचक किंवा अमर्याद वाचक असे परवान्याचे प्रकार असतात आणि त्यानुसार किंमत चढत जाते. एका वाचकाचा परवाना घेतला असेल, तर परीक्षेच्या आदल्या रात्री एका विद्यार्थिनीने पुस्तक उघडून ठेवलेले असताना दुसरीला पडद्यावर ‘पुस्तक वापरात आहे’ एवढाच संदेश दिसतो. फाइलची प्रत करायला एक क्षण पुरतो, तरीही ही टंचाई करारातून मुद्दाम निर्माण केलेली असते, हे मला आजही पटत नाही.

पुराव्यावर आधारित खरेदीची पद्धत मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटते. ग्रंथालय ठरावीक रक्कम आगाऊ भरते, वर्षभर मोठा संच वाचकांसाठी खुला राहतो, आणि वर्षाअखेरीस वापराचे आकडे पाहून तेवढ्या रकमेची पुस्तके कायमची निवडता येतात.

म्हणूनच प्रोक्वेस्टची मालक कंपनी क्लॅरिव्हेटने फेब्रुवारी २०२५ मध्ये एकरकमी कायमस्वरूपी विक्री टप्प्याटप्प्याने बंद करून वर्गणीवर भर देण्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या शैक्षणिक ग्रंथालयांत अस्वस्थता पसरली. विरोधानंतर कंपनीने अशा खरेदीची मुदत जून २०२६ अखेरपर्यंत वाढवली, पण दिशा बदलली नाही. ज्या वर्षी अनुदान घटते, त्या वर्षी छापील पुस्तकांची नवी खरेदी थांबते, जुना संग्रह मात्र जागेवर राहतो. वर्गणी थांबली की नवे-जुने सारेच एकदम जाते.

आपल्याकडील बहुतांश महाविद्यालयांची ई-पुस्तके विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून, म्हणजे सदस्यत्वातूनच येतात, आणि लहान महाविद्यालयांना त्याचा मोठा आधार आहे. तरीही स्वतःच्या निधीतून खरेदी करताना दरपत्रकाआधी करार वाचावा, असा माझा आग्रह आहे: पुरवठादार बंद पडला तर पुस्तके पोर्टिकोसारख्या जतनसंग्रहातून मिळतील का, ई-पुस्तके वाचण्याचा ऑनलाइन मंच (प्लॅटफॉर्म) वापरण्यासाठी दरवर्षी वेगळे शुल्क आहे का, आणि दुसऱ्या ग्रंथालयाला एखादे प्रकरण पाठवता येईल का. या तिन्हींची उत्तरे पुरवठादाराकडून लेखी घ्यावीत आणि खरेदीच्या फाइलमध्ये बिलासोबतच लावावीत.