टोमॅटोच्या रोपांची कोलमड आणि बॅसिलस: दुसरी फेरी

मागच्या नोंदीत पेट्री डिशमधला विजय साजरा केला होता. या वेळी मातीने मला जमिनीवर आणलं.

आधी थोडी उजळणी. उगवून आठ दिवसही न झालेली रोपं आडवी पडत होती. वरची दोन पानं हिरवीगार, पण मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट तपकिरी. त्या देठाचा तुकडा बटाटा-डेक्स्ट्रोज आगार या बुरशी वाढवायच्या माध्यमावर ठेवून बुरशी वाढवली. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंना काटकोनात फांद्या फुटलेल्या, फांदीच्या मुळाशी जरा आवळल्यासारखं आणि लगेच पुढे आडवा पडदा. बीजाणू शोधून सापडले नाहीत. ही सगळी लक्षणं रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशीची.

डिशमध्ये एका कडेला ही बुरशी आणि समोर बॅसिलस सबटिलिस या बुरशीला रोखणाऱ्या जिवाणूची रेघ. चौथ्या दिवशी बुरशी रेघेच्या अलीकडे साधारण बोटभर अंतरावर थबकली, मधली पट्टी स्वच्छ राहिली. बॅसिलस इट्युरिन, फेंजायसिन अशी लिपोपेप्टाइडं (साबणासारखी रसायनं) सोडतो आणि ती बुरशीच्या पेशीपटलाला भोकं पाडतात. त्याच कुळातलं सर्फॅक्टिन तर घरच्या घरी बघता येतं. प्लॅस्टिकवर साध्या माध्यमाचा थेंब मण्यासारखा उभा राहतो, पण जिवाणू वाढवलेल्या माध्यमाचा थेंब बघता बघता चपटा होतो. हे मी उगाचच पाच-सहा वेळा करून पाहिलं.

आता ट्रे. रोपं कोलमडलेल्या जुन्या मिश्रणातच मुद्दाम पेरणी केली, प्रत्येक ट्रेमध्ये ५० बिया. 'अ'ला नुसतं पाणी. 'ब'ला पेरतानाच बॅसिलसची आळवणी (द्रावण मातीत ओतणं) आणि सात दिवसांनी पुन्हा एकदा. 'क'ला पहिलं रोप पडलं त्या संध्याकाळी आळवणी, तीही दुप्पट मात्रेची. तिसऱ्या आठवड्याअखेर 'अ'मध्ये २७ रोपं उभी, 'ब'मध्ये ४१ आणि 'क'मध्ये २९.

'क'चा आकडा मला झोंबला. दुप्पट मात्रा देऊन हाती काय, तर दोन रोपं! पण जरा विचार केल्यावर पटलं. बुरशी देठात शिरल्यावर बाहेर मातीत जिवाणू ओतून ती मेलेली पेशी जिवंत होणार नाही. हे जिवाणू मुळावर आधी जागा अडवतात, मुळातून झिरपणारी साखर आधी खातात आणि रोपाला स्वतःचा बचाव उभा करायला लावतात. या सगळ्याला वेळ लागतो. आपण मात्र त्यांना रासायनिक बुरशीनाशकासारखं, रोग दिसला की ओतायला जातो.

एक कबुली: 'ब' ट्रे खिडकीच्या बाजूला होता, तिथे वारा जास्त. वरचा थर लवकर सुकत होता. त्यामुळे ४१ चं सगळं श्रेय बॅसिलसला देणार नाही.

स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स या दुसऱ्या उपयोगी जिवाणूची बाजू मात्र सपशेल फसली, आणि चूक माझीच. उन्हाळाभर पाकीट पत्र्याच्या खोलीत पडून होतं. लेबलावर ग्रॅममागे १० कोटी जिवाणू. किंग्ज बी माध्यमावर पसरून अंधारात अतिनील टॉर्च मारला, तर काळोखच. नव्या पाकिटाची डिश त्याच टॉर्चखाली पिवळसर हिरवी चमकली, इतकी की हातावरही उजेड पडल्यासारखा वाटला. ही चमक पायोव्हर्डिन या रंगद्रव्याची. लोह कमी पडलं की जिवाणू ते सोडून लोह ओढून घेतो आणि बुरशीच्या वाट्याला फारसं उरू देत नाही. एका डिशच्या माध्यमात मी फेरिक क्लोराइड घातलं होतं. त्यात जिवाणू छान वाढला, पण चमक जवळपास नाहीशी झाली.

त्याच खोलीतलं बॅसिलसचं पाकीट मात्र ठणठणीत निघालं. त्याचं द्रावण ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवूनही डिशवर खरखरीत, पांढुरक्या वसाहती आल्या. बॅसिलस अंतर्बीजाणू (उष्णता सोसणारे टणक बीजाणू) करतो, स्यूडोमोनास करत नाही, एवढाच फरक. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात हे फर्डिनांड कोनने १८७६ सालीच दाखवलं होतं. मला ते कळायला एक पाकीट घालवावं लागलं. तुमच्याकडे स्यूडोमोनास असेल तर सावलीत, थंड जागी ठेवा आणि तारीख बघून वापरा.

साखरपाण्याच्या पिंपात हे जिवाणू वाढवण्याबद्दल बरेच जण विचारतात. मी एकदा करून पाहिलं. आंबूस वास आला, डिशवर चार-पाच प्रकारच्या वसाहती उगवल्या, त्यातला बॅसिलस कोणता हे ओळखताना नाकी नऊ आले. तेव्हापासून तो नाद सोडला.

तिसरी फेरी काल पेरली. या वेळी प्रत्येक प्रकाराचे तीन ट्रे आहेत, रोज जागा बदलतोय, आणि एका गटाला आळवणीऐवजी फक्त बीजप्रक्रिया केली आहे. ताम्रयुक्त बुरशीनाशक भरलेला जुना पंप यापासून लांब ठेवलाय, कारण तांबं जिवाणूंनाही मारतं. बिया अजून मातीखालीच आहेत.