आमची वाटचाल : वायफायवाल्यांची तार

गोव्यातील डिचोलीच्या बाजारात 2008 साली आम्ही संगणक दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा मागच्या खोलीत चार संगणक एका स्विचला जोडून ठेवले होते आणि संध्याकाळी कॉलेजची मुले तिथे काउंटर-स्ट्राइक खेळत. सारा खेळ दहा-बारा फुटांच्या तारेवर चालत असल्यामुळे पिंगची, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेची, तक्रार आमच्या कानावर कधी आली नाही. पुढे इंटरनेट घरोघरी पोहोचले, खोली ओस पडली आणि आम्ही वायफाय बसवून देण्याच्या धंद्याकडे वळलो.

आमचा खरा अभ्यास झाला तो 2020 च्या टाळेबंदीत. मये गावातील एका घरी शंभर एमबीपीएसची जोडणी होती, चाचणीत वेगही नव्वदच्या पुढे दिसत होता, तरी मुलाचा खेळ दर दोन मिनिटांनी अडखळत होता. आम्ही त्यांना महागडा राउटर विकला. काहीही फरक पडला नाही आणि आठवड्याने तो आम्हाला परत घ्यावा लागला. खेळाला डेटा फारच थोडा लागतो. लागते ती प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वेळेवर पोहोचण्याची खात्री, हे तेव्हा आम्हाला उमगले. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईतील सर्व्हरपर्यंत सहाशे किलोमीटर तार धरली तरी जाऊन-येऊन सहा मिलिसेकंदच लागतात; त्यापुढचा बराचसा वेळ वाटेत ताटकळण्यात जातो.

हे ताटकळणे त्या घरात दोन ठिकाणी होते. दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीपलीकडे 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल क्षीण होई आणि लॅपटॉप 2.4 गिगाहर्ट्झवर उतरे. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल, म्हणजे लहरींच्या वाटा, 1, 6 आणि 11 ही तीनच, आणि शेजाऱ्यांचे राउटरही त्यांवरच. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, बाकीच्यांनी थांबायचे. दुसरे ठिकाण आम्हाला चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सापडले. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचे फोन माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे, फोटो क्लाउडवर चढवू लागले की अपलोडची रांग तुंबे आणि पिंग वीस मिलिसेकंदांवरून तीनशेवर जाई. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा जोडणीच्या क्षमतेपेक्षा थोडी खाली ठेवून रांगेचे नियोजन करणारी एसक्यूएम सुविधा चालू केल्यावर ती तक्रार मिटली.

सत्तरीतील एका वाड्यावर मात्र आम्ही चांगलेच तोंडघशी पडलो. 2018 साली 5 गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना बराच खुला झाल्यावर आम्ही तिथे डिश अँटेनाची बिनतारी इंटरनेट जोडणी दिली होती. एप्रिलमध्ये ती उत्तम चालली. पहिल्या पावसात कुळागरातील माडा-पोफळींची पाने भिजली आणि सिग्नल निम्म्याहून खाली गेला. पावसाच्या सरींचा या लहरींवर फारसा परिणाम होत नाही, पण ओला झाडोरा त्या शोषतो. शेवटी खांब झावळ्यांच्या वर चढवावा लागला आणि त्या कामात नफा उरला नाही.

आता ऑनलाइन खेळणाऱ्या ग्राहकाकडे आम्ही गेलो की आधी राउटरपासून त्याच्या टेबलापर्यंतचे अंतर मोजतो आणि शक्य असेल तिथे सरळ लॅन केबल ओढतो. वायफायवाले असून तार घालता, म्हणून लोक हसतात. चिऱ्यात ड्रिल चटकन जाते, पण लाल धूळ घरभर उडते. म्हणून खेळणाऱ्याच्या आईची बोलणी खाण्याआधीच आम्ही सोबत नेलेला झाडू बाहेर काढतो.