चार ते आठ: भात सुटला, पाव सुटेना

कार्ब, म्हणजे कर्बोदकं, कमी करायची ठरवली की भात सोडणं जड जाईल असं सगळे सांगतात. गोव्यात तर जास्तच, कारण इथे दुपारचं शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, हेच जेवण, बाकी सगळं तोंडीलावणं. प्रत्यक्षात भात चार-पाच दिवसांत सुटला. अडलं ते संध्याकाळी चार ते आठच्या मध्ये, दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्यापाशी. आहाराच्या ज्या छापील तक्त्यावरून मी सुरुवात केली त्यात या चार तासांसाठी एकच ओळ होती: 'पाच वाजता ग्रीन टी, मनावर ताबा ठेवा.' त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही. तिच्या भरवशावर तीन आठवडे वाया गेले.

आकडे माहीत असले की अर्धं काम होतं. शिजलेला भात एक वाटी, म्हणजे साधारण 150 ग्रॅम, त्यात 40 ते 42 ग्रॅम कार्ब. एक पाव 20 ते 25 ग्रॅम. चपाती 15 ते 20. चहात दोन चमचे साखर म्हणजे 8 ग्रॅम, आणि असे चार चहा झाले की जवळजवळ पाऊण वाटी भाताइतके कार्ब नुसते कपातून पोटात जातात. मासळी आणि अंडी जवळपास शून्य. ओलं खोबरं 100 ग्रॅमला 15, पण त्यातला 9 ग्रॅम चोथा, म्हणून वाटणाची धास्ती नको. उकडे तांदूळ चालतात का, हा प्रश्न हमखास येतो. उकडा भात थोडा सावकाश पचतो एवढंच, कार्ब कार्बच राहतात. कोंड्याच्या पोईचं, म्हणजे गोव्यातल्या पोकळ चपट्या पावाचं, तेच: बहुतेक ठिकाणी आत मैदा आणि वरून कोंडा, शिवाय पोई पावापेक्षा वजनाला जास्त.

दिवसाला 130 ग्रॅमच्या खाली आलात की त्याला लो-कार्ब म्हणतात. 20 ते 50 ग्रॅम म्हणजे कीटो. पहिल्याच दिवशी कीटोवर उडी मारू नये असं माझं ठाम मत आहे. दोन आठवडे 100 ते 120 वर राहावं, मग हवं तर खाली यावं.

आता मुख्य अडचण. नेहमीच्या ताटात दीड वाटी भात, तळलेल्या माशाची एक तुकडी, पळीभर हुमण, दोन चमचे भाजी. यातला भात काढला की सुमारे 300 कॅलरी जातात आणि उरतंही जेमतेम तेवढंच. ताट अर्धं होतं, प्रथिनं 15-18 ग्रॅमवरच राहतात. मग साडेचारला पोटात खड्डा पडतो आणि बरोबर त्याच वेळी वाड्यावर पोदेराचा भोंगा वाजतो. ही जिभेची हाव नसते. ती खरी भूक असते, दुपारी साडेबारालाच तयार झालेली. तिच्यावर ग्रीन टी ओतून काही होत नाही आणि मनाला दोष देणं तर अन्यायच आहे.

भूक आणि वखवख वेगळी कशी ओळखायची? स्वतःला विचारायचं: आत्ता समोर उकडलेलं अंडं ठेवलं तर खाईन का? उत्तर 'हो' असेल तर भूक आहे, खा. 'नको, पावच हवा' असेल तर तलफ आहे. दोघींवर उपाय निराळे.

भुकेचा उपाय दुपारच्या ताटात. भात काढला की त्याची जागा भरावी लागते, रिकामी ठेवायची नाही. दुपारच्या जेवणात 30 ग्रॅम प्रथिनं आलीच पाहिजेत: मध्यम आकाराचे दोन बांगडे, किंवा 120 ते 150 ग्रॅम चिकन, किंवा तीन अंडी आणि 75 ग्रॅम पनीर. हुमण पातळ न करता दाट ठेवायचं, वाटीभर घेऊन चमच्याने खायचं. भाजी दोन वाट्या: तांबडी भाजी, दोडकं, कोबी, भेंडी. वर चमचाभर खोबरेल. हे ताट डोळ्यांना जास्त वाटतं, पण साडेचारची भूक त्यानेच मोडते. माझ्या बाबतीत हा बदल केल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक पडला.

सर्वांत वाईट संध्याकाळ सोमवारची. शिवराक, म्हणजे शाकाहार, असल्यामुळे दुपारी तोंडाक (कडधान्याची खोबरं घातलेली आमटी), भात, बटाट्याची भाजी, म्हणजे सगळेच कार्ब. हरभऱ्याच्या तोंडाकाच्या एका वाटीत 25-30 ग्रॅम सहज असतात. शिवराकच्या दिवशी 100 ग्रॅम पनीर किंवा टोफू आदल्या रात्रीच आणून ठेवावं, सोबत वाटीभर दही, आणि मुगागाठी (मोडाच्या मुगाची आमटी) अर्धी वाटीच. अंडं चालत असेल तर प्रश्नच मिटला.

तलफेचा उपाय घड्याळात. साडेचारला भोंगा वाजतो, म्हणून पावणेचारलाच खायचं. भोंगा झाल्यावर शोधाशोध सुरू केली की पावच हाताला लागतो. दोन उकडलेली अंडी, किंवा 30 ग्रॅम उकडलेले शेंगदाणे (कार्ब 6 ग्रॅम), किंवा ओल्या खोबऱ्याचे चार-पाच तुकडे. काजू घेऊ नयेत. घरात बरणी असतेच, पण 30 ग्रॅम काजूत 9 ग्रॅम कार्ब, आणि काजूवर मूठ थांबत नाही. तलफ आलीच तर ती बहुधा 15-20 मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ स्वयंपाकघराच्या बाहेर काढायचा, पायांत चप्पल घालून वाड्याला एक फेरी मारायची.

आणि मीठ. हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं, म्हणून राग आणखी वाढतो. कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत डोकं जड होणं, पिंढऱ्यांत गोळे येणं, हात-पाय गळणं हे त्याचंच. हा थकवा आपण गोडाची ओढ समजतो आणि चहा-पाव खातो. पावाने बरंही वाटतं, त्यामुळे चुकीची समजूत पक्की होते. पहिला आठवडाभर दिवसाला अर्धा चमचा मीठ जादा: संध्याकाळी पेलाभर सोलकढीत किंवा तिवळात (कोकमाच्या पाण्यात) थोडं, उरलेलं माशाच्या किंवा चिकनच्या पातळ कढात. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे करू नये, डॉक्टरांना विचारावं.

पोदेराशी बोलणं हे मला सर्वांत उशिरा सुचलं. गेटाला अडकवलेल्या पिशवीत रोजचे ठरलेले पाव पडतात, घरातल्यांचे खाऊन दोन उरतात, आणि रात्री नऊला ते दोन कोण खातं हे प्रत्येकाला माहीत आहे. त्याला सांगून पाव मोजून कमी करायचे, माणशी जितके लागतात तितकेच, उरायला एकही नको.

हे सुरुवातीलाच यायला हवं होतं, पण आत्ता आठवलं म्हणून इथेच: मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय भात कमी करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर कार्ब फार कमी केले तर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही कधी कमी करावा लागतो. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

पहिल्या आठवड्यात काटा किलो-दोन किलोने खाली येतो. ते बहुतेक पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनसोबत, म्हणजे साखरेच्या साठ्यासोबत, त्याच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं. पुढे काटा थांबला की घाबरू नये. पोट साफ होत नसेल तर भाजी वाढवावी, रात्री चमचाभर इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावं.

रव्यात घोळून तळलेला मासा हा लपलेला खर्च. दोन मोठे चमचे रवा लागला की 15 ग्रॅम कार्ब गेले, आणि सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, त्याहून जास्त लागतो. रव्याशिवाय मासा तव्याला चिकटतो ही तक्रार खरी आहे, पण ती मासा ओला असल्यामुळे. मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं ठेवायचा, मग सुटलेलं पाणी फडक्याने टिपून काढायचं. बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवायचा, त्यावर खोबरेल, मग मासा. खालची बाजू आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताजं नुस्तं (मासळी) महागतं, आणि सगळा बेत मासळीवर बेतलेला असेल तर तो याच दोन महिन्यांत कोसळतो. मे संपण्याआधी तयारी हवी: फ्रीजमध्ये चिकन, घरात दोन डझन अंडी, आणि सुकट. सुकटीचं किस्मूर (खोबरं घातलेली सुकी कोशिंबीर) खोबऱ्यासकट चालतं, त्या दिवशी जादा मीठ मात्र घेऊ नये. पावसात टाकळा, अळू, किल्ल (बांबूचे कोंब) येतातच, त्यांत कार्ब नगण्य.

चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) समोर येणारच. एका नेवरीत पारी, साखर आणि सारण मिळून 15-20 ग्रॅम कार्ब धरा. दोन ठरवायच्या आणि जेवणानंतर लगेच खायच्या, रिकाम्या पोटी चहासोबत नाही. रिकाम्या पोटी दोनच्या सहा कधी होतात ते कळत नाही.

माशाला लावायचा लाल रेशाद मसाला विकतचा घेताना पाकिटावर साखर आहे का ते वाचा. घरी वाटताना गोड घालू नका. आंबटपणा फार चढला तर शिर्को (व्हिनेगर) कमी करा, वर कांदा भाजून घाला.