राणीची खोली, राणीचा चेहरा

‘क्वीन क्रिस्टिना’ (१९३३) हा रूबेन मामुलियन यांचा चित्रपट मी इतिहास शिकण्यासाठी कधीच पाहत नाही. स्वीडनच्या या राणीने १६५४ मध्ये सिंहासन सोडले, ती कॅथलिक झाली आणि रोमला गेली, हे खरे. पण चित्रपटात राज्यत्यागामागे स्पॅनिश राजदूत अँतोनियोवरचे प्रेम उभे केले आहे, आणि धर्माचा एवढा मोठा प्रश्न त्यामुळे बाजूला पडला आहे. ही उणीव मला प्रत्येक वेळी खटकते. तरीही मी या चित्रपटाकडे परत येते, ती मामुलियन यांच्या लयीसाठी.

बर्फामुळे अडकून पडलेल्या सराईमध्ये राणी आणि अँतोनियो या दोघांचा मुक्काम संपत आलेला असतो. ग्रेटा गार्बोची क्रिस्टिना खोलीभर संथपणे फिरते. पेटीवरून, आरशावरून, चरख्यावरून हात फिरवते, उशीला गाल लावते, पलंगाच्या खांबाला बिलगते. संवाद जवळजवळ नाहीच. काय चालले आहे, असे तो विचारतो तेव्हा ती सांगते की, ही खोली मी पाठ करते आहे, पुढे आठवणीत मला इथेच राहायचे आहे. रंगभूमीवरून आलेल्या मामुलियन यांनी हा प्रसंग मेट्रोनोम या ताल मोजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर बसवला होता, आणि ते कळल्यावर तिच्या प्रत्येक पावलातला ठेहराव मला अधिक स्पष्ट दिसू लागला. बोलपट येऊन जेमतेम काही वर्षे झाली होती, पडद्यावर सगळीकडे बोलण्याचीच हौस होती. अशा काळात एका राणीचे सारे मन केवळ स्पर्शातून सांगण्याचे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

शेवटच्या दृश्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्याला टाळून पुढे जाता येत नाही. अँतोनियो द्वंद्वात प्राणाला मुकला आहे आणि जहाज निघाले आहे. राणी जहाजाच्या पुढच्या टोकापाशी जाऊन उभी राहते, आणि विल्यम डॅनियल्स यांचा कॅमेरा दुरून सरकत सरकत तिच्या चेहऱ्याशी येऊन थांबतो. कशाचाही विचार करू नका, चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेवा, असे मामुलियन यांनी गार्बोला सांगितले होते. त्या चेहऱ्यावर मला एकदा दुःख दिसले, एकदा निर्धार, आणि या वेळी केवळ सुटका. केस वाऱ्यावर उडत राहतात. डोळे समोरच्या समुद्रावरून हलत नाहीत.